पुरे कधी म्हणायचं?

काही वर्षांपूर्वी एका प्रदेशाच्या पर्यटन आराखड्यावर चर्चा करायला बैठक भरली होती आणि तिथे मलाही बोलावलं होतं. प्रदेश कोणता, ते सांगत नाही. त्या प्रारूपातली गावांची नावं खोडून दुसरी घातली असती तरी ते जगातल्या कुठल्याही किनाऱ्याला किंवा डोंगराला चाललं असतं, आणि मला सगळ्यात जास्त तेच खुपलं होतं. जाड पुस्तिका होती, गुळगुळीत कागदाची, मुखपृष्ठावर सूर्यास्त. पडद्यावरचं पहिलंच चित्र आलेखाचं होतं. गेल्या दहा वर्षांत किती पर्यटक आले आणि पुढच्या वीस वर्षांत किती येतील. रेघ चढत चढत उजवीकडे जात होती आणि कडेपाशी थांबत होती. तिथे थांबायचं एकच कारण मला दिसलं, तिथे कागद संपला होता.

प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा मागच्या रांगेतल्या एक काकू उभ्या राहिल्या. घरामागच्या तीन खोल्या त्या पाहुण्यांना भाड्याने देतात, असं त्यांनी आधी सांगितलं. मग म्हणाल्या, "साहेब, माणसं किती येणार ते तुम्ही नीट समजावलंत. पुरे कधी म्हणायचं, ते कुठल्या पानावर आहे?"

सादरीकरण करणारा मुलगा तरुण होता आणि भला होता. त्याने खरोखर पानं उलटली, अनुक्रमणिका पाहिली. मग म्हणाला, "काकू, तसं पान नाहीये यात. पण सूचना म्हणून लिहून घेतो." आणि त्याने ती वहीत लिहून घेतली.

तेव्हापासून कुठलाही पर्यटन आराखडा हाती आला की मी आधी ते पान शोधते. रस्त्यांचं प्रकरण असतं, विमानतळाचं असतं, महोत्सव, घोषवाक्य, गुंतवणूक, कौशल्य प्रशिक्षण, सगळ्यांची असतात. स्थानिक लोक बहुधा 'जनजागृती' या प्रकरणात भेटतात, म्हणजे त्यांना काय शिकवायचं आहे त्या यादीत. पुरेचं पान मला क्वचितच सापडलं आहे. ते नसेल तर बाकीची पानं कितीही चांगली असोत, त्यांचा उपयोग मर्यादित राहतो, असं मला आता ठामपणे वाटतं. आणि ते पान बाहेरून आलेल्या सल्लागाराला एकट्याने लिहिता येणार नाही. शेवटचा पर्यटक निघून गेल्यावरही जे तिथेच असतात, त्यांच्याकडे बसून ते लिहावं लागतं.

वाढ होते म्हणून तर आराखडे करावे लागतात, हे मी नाकारत नाही. १९५० साली दुसऱ्या देशात पर्यटक म्हणून पोचलेल्यांची जगभरातली नोंद अडीच कोटींच्या आसपास होती. २०१९ साली ती १४६ कोटींच्या घरात गेली. आपापल्या देशात फिरणारे यात धरलेलेच नाहीत आणि ते याच्या कितीतरी पट आहेत. एवढी माणसं घराबाहेर पडतात, नवं काही बघतात, याचा मला मनापासून आनंद वाटतो. मीही त्यांच्यातलीच एक आहे. मग २०२० आलं आणि एका वर्षात हा आकडा जवळजवळ तीन चतुर्थांशाने कोसळला. ज्या घरांनी शेती, मासेमारी, सुतारकी सोडून सगळा भार खोल्यांवर टाकला होता, त्यांचं त्या वर्षी काय झालं असेल याचा विचार आजही स्वस्थ बसू देत नाही. पुढच्या वीस वर्षांची रेघ काढणाऱ्याने हे दोन्ही आकडे डोळ्यांसमोर ठेवले पाहिजेत. वीस वर्षांत एखादं २०२० पुन्हा येणारच नाही, असं कोण सांगणार?

पर्यटनाच्या अभ्यासात रिचर्ड बटलर या भूगोलाच्या अभ्यासकाचा १९८० सालचा एक निबंध आहे. त्याने पर्यटनस्थळाचं आयुष्य एका वळणदार रेघेत मांडलं. आधी थोडे भटके येतात, त्यांना कुणी बोलावलेलं नसतं. मग स्थानिक लोक खोल्या काढतात, खानावळी घालतात. मग बाहेरचा पैसा येतो, मोठ्या इमारती उठतात, जाहिराती होतात. मग वाढ मंदावते, नंतर थांबते. तिथून पुढे ओहोटी लागते किंवा जागा नव्याने उभी राहते. अनेकांनी ही रेघ नशिबासारखी वाचली. बटलरचा रोख वेगळा होता. ज्या गोष्टींमुळे माणसं येतात त्या अमर्याद नाहीत, त्या संपू शकतात, म्हणून त्या जपूनच वापराव्या लागतील, हे त्याला सांगायचं होतं. रेघ सपाट झाल्यावर जागं होणं फार महागात पडतं.

त्याच्या पाच वर्षं आधी, १९७५ साली, डॉक्सी नावाच्या अभ्यासकाने यजमानांच्या मनाची पायरी-पायरीने नोंद केली होती. आधी आनंद, मग सवय, मग त्रागा, शेवटी उघड वैर. हे वाचताना मला एक डोंगरातली वाडी आठवते. पंधरा वर्षांत मी तिथे तीनदा गेले. पहिल्यांदा वाट विचारली तर एक आजोबा हातातलं काम टाकून अर्ध्या चढणीपर्यंत सोबत आले. दुसऱ्यांदा त्याच घराच्या भिंतीवर वाटाड्याचे दर रंगवलेले होते. मला ते योग्यच वाटलं, त्यांच्या वेळेला मोल आहे. तिसऱ्यांदा वाटेवर तारेचं कुंपण होतं, खाजगी रस्त्याची पाटी होती, आणि आत एक बाई पाठमोरी काम करत होती. मी हाक मारली तर तिने वळूनही पाहिलं नाही. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. तिच्या शेताच्या बांधावर गाड्यांच्या चाकांचे खोल चर होते, ते मी पाहिले. त्या पंधरा वर्षांतल्या प्रत्येक वर्षाचा पर्यटकांचा आकडा कुठेतरी नोंदलेला असेल. त्या पाठमोऱ्या बाईची नोंद कुठल्याच रकान्यात नसेल.

नियोजन केलं की सगळं नीट होतं, असंही नाही. यावर मी बराच विचार केला आहे, कारण एके काळी माझाही तसा समज होता.

फ्रान्सच्या दक्षिणेला लांगदॉक-रुसियों नावाचा किनारा आहे. वाळू, खारी तळी, दलदल आणि डास. १९६३ साली फ्रेंच सरकारने तो सगळा किनारा पर्यटनासाठी घडवायला घेतला. सुट्टीवर निघालेली माणसं गाड्या घेऊन पुढे स्पेनला जात होती, ती इथे थांबावीत हा हेतू होता. पिएर रासीन हे त्या मोहिमेचे प्रमुख. त्यांच्या कामातल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. पहिली म्हणजे योजना जाहीर व्हायच्या आधीच सरकारने गुपचूप जमिनी विकत घ्यायला सुरुवात केली होती. दलालांनी भाव चढवण्याआधी. रस्ता येणार अशी नुसती कुजबुज झाली तरी जमिनीचं काय होतं, हे ज्याने पाहिलं आहे त्याला या एका पावलाची किंमत कळेल. दुसरी म्हणजे नव्या वसाहतींच्या मध्ये मुद्दाम मोकळे हिरवे पट्टे ठेवले. इमारतींची सलग भिंत होऊ दिली नाही. कुठे बांधायचं याच्याइतकंच कुठे कधीच बांधायचं नाही हेही नकाशावर आलं. पुरेचा एक अर्थ त्यांनी जमिनीवर आखून दाखवला होता.

तिथे ला ग्रांद मोत नावाचं गाव शून्यातून उभं राहिलं. वास्तुकार जाँ बालादूर मेक्सिकोतले प्राचीन पिरॅमिड पाहून आला होता, त्यामुळे इमारती पायऱ्यापायऱ्यांच्या. लोकांनी नावं ठेवली, काँक्रीटचं गाव म्हणाले. त्याने लावलेली झाडं वाढली, गाव सावलीत गेलं, आणि २०१० साली फ्रान्सने विसाव्या शतकाचा वारसा म्हणून त्याला मान्यता दिली. मला हे आवडतं. चाळीस वर्षांनी सावली पडेल अशी झाडं आधी लावायची, याला मी नियोजन म्हणेन. पण हा किनारा घडवला गेला तो उन्हाळ्यासाठी. ला ग्रांद मोतची लोकसंख्या त्या दिवसांत कैक पटींनी वाढते आणि मग ओसरते. दोन महिन्यांच्या गर्दीसाठी बांधलेले पाइप, रस्ते, घरं बाकीचे महिने सांभाळावी लागतात. तिथे बारा महिने राहणाऱ्या माणसाला फेब्रुवारीत कसं वाटत असेल, हा प्रश्न १९६३ च्या नकाशावर कुठे लिहिला असता?

मेक्सिकोतल्या कानकुनची गोष्ट याहून टोकाची. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या मध्यवर्ती बँकेने परकीय चलन आणू शकेल अशी जागा शोधायला आकडेमोड केली, हवामान आणि किनारे ताडून पाहिले, आणि जवळजवळ निर्मनुष्य असलेली एक वाळूची पट्टी निवडली. १९७० मध्ये बांधकाम सुरू झालं. १९७४ मध्ये पहिली हॉटेलं उघडली. २०२० च्या जनगणनेत त्या शहरात जवळपास नऊ लाख माणसं होती. हॉटेलांचा भाग रेखीव होता. शेजारी कामगारांसाठी शहरही आखलं होतं, पण हॉटेलं बांधायला आणि चालवायला माणसं अंदाजाहून फार वेगाने आली आणि आखणीबाहेर वस्त्या पसरल्या, नळ आणि गटारं मागाहून जात राहिली. पाहुण्याच्या उशीचा हिशेब अचूक होता. ती उशी रोज सकाळी झटकणारी बाई रात्री कुठे झोपते, हा हिशेब कच्चा राहिला. पर्यटनाच्या प्रत्येक योजनेत खोल्यांची संख्या असते. एका खोलीमागे किती कामाची माणसं लागतात आणि त्यांची घरं कुठे असणार, हे त्याच ओळीत लिहायचं असा नियम करावा, असं मला फार वाटतं.

आणि बिल्बाओ. स्पेनमधलं हे शहर आराखड्यांच्या पुस्तिकांमध्ये हमखास असतं. १९९७ साली तिथे वास्तुकार फ्रँक गेरीने घडवलेलं गुगेनहाइम संग्रहालय उघडलं आणि मरगळलेल्या कारखान्यांचं शहर जगाच्या नकाशावर आलं, असं सांगितलं जातं. मग आपणही एक झळाळती इमारत बांधू, असा निष्कर्ष निघतो. पण त्या इमारतीच्या कितीतरी आधी तिथल्या मेलेल्या खाडीत जाणारं सांडपाणी रोखायचं आणि शुद्ध करायचं काम १९८० च्या दशकात सुरू झालं होतं. १९९५ मध्ये मेट्रो सुरू झाली. बंद पडलेल्या गोद्यांच्या जमिनी ताब्यात घेऊन साफ केल्या होत्या. हे सगळं राहणाऱ्यांसाठी केलेलं काम होतं. त्यानंतर पाहुणे आले. नक्कल इमारतीची झाली. पाण्याची नक्कल करायला माणसं पुढे आली असती तर आज कितीतरी नद्या जिवंत असत्या.

सांडपाण्याचा विषय निघाला की चर्चेत माणसं घड्याळाकडे बघतात. माझ्या मते पर्यटनाचं निम्मं भविष्य त्याच पाइपांमध्ये ठरतं.

फिलिपाइन्समधलं बोराकाय बेट साधारण दहा चौरस किलोमीटरचं आहे. पांढरीशुभ्र वाळू. २०१७ साली तिथे वीस लाखांच्या आसपास पर्यटक गेले. सांडपाण्याचे चोरटे पाइप थेट समुद्रात सोडलेले सापडले. पाणथळ जागांवर इमारती उभ्या होत्या. २६ एप्रिल २०१८ रोजी सरकारने ते बेट पर्यटकांसाठी बंद केलं, सहा महिन्यांसाठी. रस्ते उकरले, पाइप काढले, किनाऱ्यापासून ठरलेल्या अंतरात घुसलेली बांधकामं पाडली. बेट उघडण्याआधी अभ्यास करून एक आकडा काढला गेला, एका वेळी बेटावर १९,२१५ पर्यटक आणि दिवसाला ६,४०५ नवे. शेवटच्या अंकापर्यंत नेमका. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा त्या काकू आठवल्या. पुरेचं पान इथे सापडलं होतं, पण कधी? सगळं बंद करावं लागल्यावर. त्या सहा महिन्यांत ज्यांची मजुरी बुडाली ते हजारो वाढपी, नावाडी, सफाईवाले चोरट्या पाइपांचे मालक नव्हते. उशिरा म्हटलेल्या पुरेची किंमत अशी भलत्यांनाच मोजावी लागते.

थायलंडमधली माया बे ही छोटीशी खाडी त्याच वर्षी जूनमध्ये बंद झाली. आधी तिथे दिवसाला पाच हजारांपर्यंत माणसं येत आणि बोटींच्या नांगरांनी प्रवाळ मोडत. खाडी २०२२ च्या जानेवारीपर्यंत बंद राहिली. मधल्या काळात काळ्या टोकाच्या परांचे शार्क उथळ पाण्यात परत आले, लोकांनी मोडक्या प्रवाळाच्या जागी नवे तुकडे रोवले. आता बोटी खाडीत शिरत नाहीत, मागच्या बाजूच्या धक्क्याला लागतात. दरवर्षी पावसाळ्यात काही आठवडे खाडीला सुट्टी असते. जागेला सुट्टी देणं ही कल्पना मला फार जवळची वाटते. जमीन पडीक ठेवली की सुधारते, हे शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

मात्र एकच आकडा ठरवून काम भागतं, असंही मला वाटत नाही. शंभर माणसं पायवाटेवरून बोलत चालत गेली आणि शंभर माणसं गाड्यांवरून गेली, तर आकडा तोच राहतो आणि डोंगराचं होतं ते वेगळंच. अमेरिकेच्या वनखात्यातल्या अभ्यासकांनी १९८५ साली प्रश्नच बदलून मांडला. किती माणसं चालतील हे विचारण्याआधी, या जागेत किती बदल आपल्याला चालेल ते ठरवा, असं ते म्हणाले. मोंटाना राज्यातल्या बॉब मार्शल या रानात हे पहिल्यांदा करून पाहिलं गेलं. तिथे वनखात्याची माणसं, रानात जाणारे, अभ्यासक एकत्र बसले आणि कशाकडे लक्ष ठेवायचं ते ठरवलं. उदाहरणार्थ, मुक्कामाच्या जागी गवत जाऊन किती जमीन उघडी पडली, एका दिवसात किती जण वाटेत भेटतात. ठरलेल्या मापाच्या पुढे गेलं की काहीतरी करायचंच, हे आधीच कबूल केलेलं. मला यातलं 'आधीच' फार महत्त्वाचं वाटतं. पैसा यायला लागल्यावर पुरे म्हणणं फार जड जातं, म्हणून ते हात मोकळे असतानाच म्हणून ठेवायचं.

आणि असं लिहून ठेवलं तरी पाळणारं कुणी लागतं. ॲमस्टरडॅममध्ये तीस हजार रहिवाशांनी सह्या करून मागणी केली आणि २०२१ साली नगरपालिकेने नियमच केला: पर्यटकांचे वर्षभरातले मुक्काम दोन कोटींच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. शहराने स्वतःच्या तोंडाने पुरे म्हटलं, असं जगात क्वचित घडलं असेल. पुढच्या वर्षांत मुक्काम ती मर्यादा ओलांडून गेले. तरीही मला तो नियम मोलाचा वाटतो. आता रहिवाशाच्या हातात बोट ठेवायला एक ओळ आहे. तुम्ही हे कबूल केलं होतंत, असं तो म्हणू शकतो.

भूतानने दुसरी वाट घेतली, किमतीची. १९७४ साली त्यांनी दार उघडलं ते किलकिलंच. २०२२ मध्ये परदेशी पाहुण्यावर रोज २०० डॉलरचं शुल्क लावलं, भारतीयांना १,२०० रुपये. वर्षभरात डॉलरचा दर निम्म्यावर आणावा लागला, कारण रिकाम्या खोल्यांचाही भार असतो. त्या देशाबद्दल मला आदर आहे. तरी किमतीच्या कुंपणाशी माझं मन अडखळतं. डोंगर बघायचा हक्क खिशावर ठरावा का? सोडत, आगाऊ नोंदणी, पाळ्या, चालत जायची अट, असे समतेचे मार्गही आहेत आणि ते आधी वापरून पाहायला हवेत, असं माझं मत आहे.

व्हेनिसचं काय करावं, ते मात्र मला अजून सुचलेलं नाही. तिथे रियाल्टो पुलाजवळ एका औषधाच्या दुकानाच्या काचेत एक पाटी आहे, तिच्यावर दिव्यांचे अंक. जुन्या शहरात आज किती माणसं राहतात, तो आकडा. २००८ पासून ती पाटी तिथे आहे. १९५१ साली त्या शहरात पावणेदोन लाख माणसं राहत होती. २०२२ मध्ये तो आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. पुढच्या वर्षी काही रहिवाशांनी एका पुस्तकाच्या दुकानात दुसरा आकडा लावला, पर्यटकांसाठीच्या खाटांचा. त्याच वर्षी खाटा माणसांपेक्षा जास्त झाल्या. एप्रिल २०२४ मध्ये गर्दीच्या दिवशी एका दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून पाच युरो घ्यायला सुरुवात झाली. एवढा लांबचा प्रवास करून आलेला माणूस पाच युरोंसाठी मागे फिरेल असं वाटत नाही. आणि दुखणं दारातल्या गर्दीपेक्षा खोल आहे. घराचं भाडं पर्यटकाकडून चार दिवसांत जेवढं मिळतं तेवढं शिक्षिकेला महिनाभरातही देता येत नाही. ती निघून गेली की शाळा रोडावते, मग किराणा जातो, मग डॉक्टर. बार्सिलोनाने जून २०२४ मध्ये जाहीर केलं की पर्यटकांना घरं देण्याचे सगळे दहा हजारांवर परवाने २०२८ च्या अखेरीपर्यंत संपवायचे. किती जमेल ते दिसेलच, पण रोग कुठे आहे हे त्यांनी ओळखलं आहे, असं मला वाटतं.

मी व्हेनिसच्या त्या पाटीचा विचार वारंवार करते. पर्यटनखात्याच्या पाट्यांवर आलेल्यांचे आकडे असतात. राहिलेल्यांचा आकडा एका औषधवाल्याने लावला.

पैशाबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. पर्यटकाने खर्च केलेला पैसा त्या प्रदेशात राहतोच असं नाही. भाजी बाहेरून, लोणी बाहेरून, व्यवस्थापक बाहेरून, नफा बाहेर. याला अभ्यासक गळती म्हणतात आणि शब्द अगदी बरोबर आहे. केरळमध्ये वेंबनाड तलावाकाठी कुमरकोम आहे. तिथे मोठी हॉटेलं आली तेव्हा गावाशी त्यांचे खटके उडत होते. २००८ च्या सुमारास जबाबदार पर्यटनाचा प्रयोग सुरू झाला. हॉटेलांनी भाजीपाला गावातल्या शेतकऱ्यांकडून आणि बायकांच्या गटांकडून घ्यायचा, त्यात ग्रामपंचायत मध्ये. ऐकायला साधं वाटतं, पण रोज ठरलेल्या वेळी ठरलेला माल पोचवणं हे फार मेहनतीचं आणि चिकाटीचं काम आहे. पडीक पडलेल्या जमिनीत पुन्हा पिकं उभी राहिली. या प्रयोगाचं मला एवढं महत्त्व का वाटतं? पाहुणे एखाद्या वर्षी आले नाहीत तरी भाजी पिकवणारी बाई भाजीच पिकवत असते. तिचं गिऱ्हाईक बदलेल, कसब हातात राहील. २०२० सारख्या वर्षी प्रदेश तरतो तो अशा हातांवर.

आणि हवामान. बोलिव्हियात चाकलताया नावाच्या हिमनदीवर जगातलं सर्वांत उंच स्कीइंगचं ठिकाण होतं. २००९ पर्यंत ती हिमनदी पूर्ण वितळून गेली. वर चढायची सोय होती, निवारा होता, बर्फ नव्हता. ज्या गोष्टीच्या भरवशावर सगळं उभं करायचं ती वीस वर्षांनी तिथे असेल का, हे विचारणं आता टाळता येणार नाही.

त्या बैठकीनंतर चार-पाच महिन्यांनी दुसरी बैठक झाली. नव्या प्रारूपात शेवटून तिसऱ्या पानावर 'मर्यादा' असं शीर्षक होतं. त्या मुलाने सूचना खरोखर घेतली होती. खाली एक तक्ता होता, चार ओळींचा: विहिरींची पाणीपातळी, राहत्या घराचं सरासरी भाडं, कचऱ्याच्या खेपा, शाळेच्या पटावरची मुलं. 'आजची नोंद' हा रकाना रिकामा होता. 'जबाबदारी' या रकान्यात चारही ओळींत 'संबंधित विभाग' लिहिलेलं होतं. तो थोडा ओशाळून म्हणाला, "पाणीपातळीची मागची आकडेवारी कुठे मिळालीच नाही."

काकू मागच्याच रांगेत होत्या. त्यांनी पिशवीतून गुंडाळी केलेली कॅलेंडरं काढली. अकरा वर्षांची. प्रत्येक महिन्याच्या एक तारखेच्या चौकोनात पेन्सिलने एक आकडा होता, विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंत दोर किती हात गेला त्याचा. खोल्या बांधल्या त्या वर्षीपासून त्या हे लिहीत होत्या, कारण पाहुण्यांना किती दिवसांचं आरक्षण द्यायचं ते त्यावरून ठरवायला लागायचं.

व्यासपीठावर पुढचा विषय सुरू झाला, वाहनतळाचा. तो मुलगा पुढे गेला नाही. वही घेऊन काकूंच्या शेजारच्या खुर्चीवर बसला. त्या एकेक कॅलेंडर मांडीवर उलगडत होत्या, तो हळू आवाजात विचारत होता.

"पहिल्या वर्षीचा एप्रिल?"

"अकरा."

"आणि गेल्या वर्षीचा?"

काकूंनी चष्मा वर सरकवला आणि चौकोनावर बोट ठेवलं.

"चौदा. नाही, थांब हं बाळा. पंधरा आहे हा."